फ्लेक्स उतरवा, व्यायामशाळेवरची खोली उघडा

प्रति,
लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव भागातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि तमाम कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा आगमनाच्या दिवशी आमच्या नाक्यावर एक फ्लेक्स लागला. ‘बँडसम्राट, गिरणगावचे भूषण, आमचे लाडके आप्पा यांना भावपूर्ण आदरांजली.’ फोटो माझ्या आजोबांचाच, आधार कार्डावरचा, मोठा करून करून चेहऱ्याचे चौकोन दिसायला लागलेले. आणि शेजारी सोनेरी रंगाचा, भला मोठा सॅक्सोफोन. आप्पांनी उभ्या आयुष्यात सॅक्सोफोन हातात धरला नाही. ते कॉर्नेट वाजवायचे, म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ. ज्यानं फ्लेक्स केला त्यानं मोबाईलवर ‘बँड’ शोधून जे पहिलं चित्र आलं ते चिकटवलं असणार, त्याचा काही राग नाही. पण अर्ध्या तासानं त्याच फ्लेक्सखालून डीजेचा ट्रक गेला आणि त्या दणक्यानं आप्पांचा चेहरा सॅक्सोफोनसकट थडथडा हलायला लागला. मी आधी हसलो. मग घरी येऊन, आप्पांच्या वर्गासाठी एक खोली मागायला, हे पत्र लिहायला बसलो.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी बँडात ढोल वाजवतो. आप्पांनी मला नववीत असताना सहा महिने कॉर्नेट शिकवून पाहिलं आणि एका मंगळवारी सगळ्यांसमोर सांगितलं, “तुझं तोंड पितळेचं नाही रं, चामड्याचं आहे. जा, ढोल घे.” तेव्हापासून ढोल आणि बँडाच्या हिशोबाची वही या दोन गोष्टी माझ्याकडे आहेत. त्यामुळे पत्रात वाहवत गेलो तर सांभाळून घ्या, पण हिशोब चुकणार नाही.

आप्पा कराडकडचे. घर गावकुसाबाहेरचं. पणजोबा हलगी वाजवायचे, म्हणजे वाजवावीच लागायची, तो आमच्या वाट्याला आलेला ‘मान’. लग्नात पुढं चालायचा पहिला मान वाजंत्र्याचा आणि उठून गेलेल्या पत्रावळींशेजारी बसायची शेवटची पंगतही वाजंत्र्याचीच. एकोणिसाव्या वर्षी, 1957 साली, आप्पा हे सगळं सोडून मुंबईला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. विणाई खात्यात पैसे जास्त मिळायचे, पण त्या खात्याची एक गोष्ट तुमच्यातल्या तरुण पोरांना ठाऊक नसेल. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारी लाकडी नळी. त्यातला दोरा संपला की नवी कांडी घालून दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकानं ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना विणाईत घेतच नसत. 1928च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आप्पा आले तोवर कायदा बदलला होता, मुकादम मात्र तेच होते. आप्पा गेले कताईत, आणि कताईतच राहिले.

हा धोटा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हलगी सोडून आलेला माणूस कॉर्नेटकडे कसा गेला, याची आप्पा दर वेळी वेगळी गोष्ट सांगायचे. बहुतेक वेळा ती धोबीतलावपाशी सुरू व्हायची. तिथल्या फुर्टाडोजच्या दुकानाच्या काचेला नाक लावून ते ट्रम्पेट बघत उभे राहिले, आणि मागून एका गोवेकर मास्तरानं विचारलं, वाजवतोस का नुसता बघतोस. त्या भागात गोव्याच्या गावागावांचे कूड होते. बोटीवर जाणारे खलाशी आणि सिनेमात, हॉटेलांत वाजवणारे वादक तिथं खाटा टाकून राहायचे. गोव्यात चर्चच्या शाळेतच पोरांना स्वरलिपी शिकवायचे, त्यामुळे कागदावरचं संगीत या लोकांना वर्तमानपत्रासारखं वाचता यायचं. मास्तरानं फी ठरवली महिन्याला एक रुपया आणि आठवड्याला एक बिडीबंडल. तिसरी पाळी संपवून आप्पा परळहून चालत जायचे, ट्रामचे पैसे बिडीला ठेवायचे.

पाच ओळींची ती स्वरलिपी आप्पांना जन्मात नीट वाचता आली नाही, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण मास्तराकडून जे कळलं ते त्यांनी आपल्या भाषेत बसवून घेतलं. कॉर्नेटला तीन पिस्टन. एकही दाबला नाही तर नुसत्या ओठांच्या ताणावर सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग असे मोजके स्वर निघतात. मधला दाबला की स्वर अर्धा उतरतो, पहिला दाबला की पूर्ण, तिसरा दाबला की दीड. यावरून त्यांनी पहिल्या दिवशी आलेल्या पोराला पाठ करायला द्यायची ओळ बनवली: शून्य, एक-तीन, एक-दोन, एक, शून्य, एक-दोन, दोन, शून्य. म्हणजे सा रे ग म प ध नी सा. आमच्या चाळीतली पोरं बे एके बेच्या आधी ही ओळ शिकली. वहीत वर सरगम आणि प्रत्येक स्वराखाली बोटाचा आकडा. एखाद्या नव्या गाण्याची वही पाहिली तर बाहेरच्या माणसाला वाटावं मटक्याचे आकडे लिहून ठेवलेत. एकदा हवालदारालाही तसंच वाटलं होतं. मग आप्पांनी चौकीत आकडे म्हणून दाखवले, तेही चालीत.

पट्टीचंही तसंच. कॉर्नेटचा सा म्हणजे पेटीची काळी पाच, छोट्या हॉर्नचा सा म्हणजे काळी दोन. पेटीवाला गायक या दोन्हींत न बसणारी पट्टी मागून ‘मला काळी एक द्या’ म्हणाला की आप्पा कपाळाला हात लावायचे. “याचा गळा मेरठला पाठवून द्या, तिथं कापून देतील.” वाद्यं मेरठहून यायची म्हणून हा विनोद. नादिर अलींची तिथली कंपनी 1885 सालची, आणि आमच्याकडचं जुनं युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, मेरठचंच आहे. त्याला इतके पोचे आलेत आणि इतक्या ठिकाणी डाख लावलाय की मूळचं पितळ किती आणि कथिल किती हे आता सांगता येणार नाही. आजी घागर, तांब्या आणि कॉर्नेट एकाच दिवशी चिंचेनं घासायची. दिवाळीच्या आधी मोरीत तिन्ही ओळीनं पालथी घातलेली असायची.

1982च्या 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरात तो संप अजून संपलेला नाही. अडीच लाख माणसं रस्त्यावर. लग्नसराईत चार सुपाऱ्या मिळाल्या म्हणून आमचं घर तगलं, पण लग्नं तरी कोण करत होतं? त्या उन्हाळ्यात नाक्यानाक्यावर रिकामी पोरं उभी राहायला लागली, आणि रिकाम्या पोरांना कामाला लावणारी माणसंही गाड्या घेऊन यायला लागली. आप्पांनी तुमच्यापैकीच एका मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांकडे व्यायामशाळेच्या वरची खोली मागितली. अध्यक्ष स्वतः जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम होते, संपात घरी बसलेले. त्यांनी किल्ली काढून दिली. लेखी काही नाही. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ. फी नाही.

पुढं एकोणतीस वर्षं किल्ली आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला होती.

पहिल्या वर्षी आठ पोरं आणि कॉर्नेट एक. पत्रात मला जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे. एक कॉर्नेट म्हणजे एक माउथपीस, फुंकायचं तोंड. पोरं वर्तुळात बसायची आणि माउथपीस एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडाला जायचा. त्या आठांत कोण कुठल्या जातीचं हे सगळ्यांना माहीत होतं, चाळीत ते न सांगताच माहीत असतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका पोराची आई जिना चढून आली. म्हणाली, मास्तर, माझ्या पोराला वेगळं तोंड द्या. आप्पा काही बोलले नाहीत. स्टोव्ह पेटवला, चहाच्या टोपात पाणी उकळलं, त्यात माउथपीस सोडला, चिमट्यानं काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि तिच्या पोराच्या हातात दिला. “तोंड एकच आहे बाई. जंतू असतील तर मेले. दुसरं काही असेल तर ते पाण्यानं जात नाही.” त्या दिवसापासून वर्गाच्या आधी माउथपीस उकळणं सुरू झालं, आणि उकळायची पाळी त्याच पोराची. तो पुढं पोलीस बँडात लागला. आप्पांच्या मातीला आला तेव्हा गणवेशातच आला होता. ड्युटीवरून सुटून सरळ आला म्हणाला.

ज्या भागात तोंडाला लागलेल्या दोऱ्यावरून माणसाला एका खात्यातून बाहेर ठेवलं, त्याच भागात, त्याच गिरणीपासून दोन गल्ल्यांवर, हे चाललं होतं. आप्पांनी या दोन गोष्टी कधी एका वाक्यात जोडल्या नाहीत. मी जोडतोय, कारण मला ढोल वाजवायची सवय आहे.

त्यांना संत वगैरे करू नका, ही आणखी एक विनंती. ते मारायचे. ढोलाची काठी त्यांच्या हातात असली की ठेका चुकलेल्या पोराच्या पोटरीवर ती बसायची. मुलींना शिकवायला त्यांनी फार उशीर केला. माझी बहीण दाराच्या चौकटीला टेकून आकडे म्हणायची. तिला आजही पन्नासेक गाण्यांचे आकडे पाठ आहेत, वाजवता एकही येत नाही. म्हातारपणी तिच्या मुलीला त्यांनी स्वतः कॉर्नेट दिलं, पण बहिणीचं ते बहिणीचंच राहिलं, आणि हे त्यांनाही कळत होतं.

शिकवण्याच्या बाबतीत त्यांच्या तोंडी एकच नाव असायचं, पंडित रामप्रसाद शर्मांचं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालांचे वडील, स्वतः ट्रम्पेट वाजवणारे. मुंबईत त्यांनी कितीतरी वादकांना नोटेशन शिकवलं. आप्पा त्यांना कधी भेटले नाहीत. पण म्हणायचे, सिनेमात वाजवणारे पुष्कळ असतात, वाजवणारे तयार करणारा एखादाच. आणि मग जरा थांबून, “आपण काय, आपण वरातीचे.” हे म्हणताना ते मनातून जळायचे की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वरातीवरून एक आठवलं. 1990च्या आसपासचं लग्न असेल. हॉलवर दुपारपासून वाजवून पोरं भुकेली, आणि यजमानांनी सांगितलं, आमची मंडळी उठली की मागच्या बाजूला भांडी घासतात तिथं बसा. आप्पांनी पोरांना वाद्यं पिशव्यांत घालायला सांगितली. नवरदेव घोड्यावर, लाईटवाल्या बायका डोक्यावर झुंबरं घेऊन उभ्या, आणि बँड गप्प. यजमान धावत आले. आप्पा म्हणाले, “पोरांच्या पोटात वारा नाही तर पितळेत कुठनं येणार?” पंगत लागली. पहिल्या फेरीत, आत, पंख्याखाली. आजी सांगायची, त्या रात्री घरी आल्यावर ते पणजोबांचं नाव घेऊन बराच वेळ बसून राहिले.

आता तुमच्याकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी तुमच्यातल्या एका मंडळाच्या विसर्जनाला आम्ही बारा जण होतो. डीजेवाल्यांसाठी जेवणाची पाकिटं वेगळी आली. आमच्या पोरांना भायखळ्यापर्यंत एकेक वडापाव. मिरवणुकीत वेळ कसा जातो मला ठाऊक आहे, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चौपाटी दिसते, कार्यकर्तेही उपाशीच असतात. म्हणून भांडलो नाही. पण वहीत लिहून ठेवलंय.

डीजेला शिव्या देण्यासाठी हे पत्र नाही. 2000 सालच्या नियमात रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ची मर्यादा आहे. खरं सांगायचं तर आमचं एक कॉर्नेटसुद्धा तेवढ्यात बसत नाही. मिरवणुकीत बेंजो हे तारवाद्य घेऊन वाजवणाऱ्या बेंजोवाल्यांशीही आमचं वाकडं नाही. आप्पांची कितीतरी पोरं आज बेंजो पार्ट्यांत ट्रम्पेट धरतात आणि आमच्यापेक्षा बरे पैसे मिळवतात. फरक एवढाच की पितळेला माणूस लागतो. दोन तास सलग वाजवलं की ओठ बसतो, मग स्वर निघतच नाही, थांबावंच लागतं. आप्पा थांबण्याची जागा अशी निवडायचे की कुणाला थकवा कळू नये. लालबागची मिरवणूक भायखळ्याच्या अग्निशमन केंद्राशी आली की बंबांचे सायरन सलामी देतात. तिथं पोचण्याच्या आधी ते हात वर करून बँड बंद करायचे. पोरं ओठ चोळायची, पाण्याची चावी दाबून नळीतलं पाणी झटकायची, आणि आप्पा सायरन ऐकत म्हणायचे, “बघा, एवढा खालून वर घसरत जातो, आपला ट्रॉम्बोनवाला अजून अडखळतो.”

2011 साली किल्ली परत मागितली गेली. मंडळाचं सजावटीचं सामान वाढलं होतं, थर्माकोलचे खांब ठेवायला जागा नव्हती. आप्पांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली, पावतीही मागितली नाही. त्याच वर्षी लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला, आणि वर्ग पुलाखाली आला. आप्पांना ती जागा आवडली होती, खोटं कशाला बोलू. पुलाखाली आवाज असा घुमतो की चार पोरांचा बँड चाळिसांचा वाटतो. पण पावसात पोरं यायची बंद झाली, टॉवरमधून तक्रारी आल्या, आणि शेवटी शेवटी तीन पोरं आणि आप्पा, खुर्चीत. खुर्ची मी नेऊन ठेवायचो. गेल्या माघात ते गेले, 87व्या वर्षी, दुपारच्या झोपेत. उशीखाली आकड्यांची वही होती, आणि तिच्यात अर्धं लिहिलेलं एक गाणं.

वाद्यं माझ्याकडे आहेत. पोटमाळ्यावर आणि पलंगाखाली मिळून अकरा नग. दोन कॉर्नेटांचे पिस्टन अडकलेत, ते शिलाई मशीनच्या तेलानं सुटतील. शिकवायला दोन माणसं तयार आहेत, एक तो पोलीस बँडातला, आता निवृत्त झालेला, आणि एक बेंजोत वाजवणारा. शिकायला सध्या पाच नावं आहेत. त्यातलं पहिलं नाव माझ्या भाचीचं.

थर्माकोलवर आता बंदी आहे. मंडळांची सजावट कागदाची, कापडाची झाली, आणि व्यायामशाळेवरच्या त्या खोलीत गेली काही वर्षं काय आहे ते मी जिन्याच्या जाळीतून बघून आलोय. मोडक्या खुर्च्या, जुने बॅनर आणि एक बंद पडलेला वॉटर कूलर. बाकीच्या मंडळांकडेही असली एखादी खोली असणारच, म्हणून पत्र सगळ्यांना आहे. 2025 साली सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तुमच्या बैठकांत आता सांस्कृतिक कार्यक्रमांवर चर्चा होते, हेही ऐकतो. कार्यक्रम नको. मंगळवार आणि शुक्रवार, सात ते नऊ, एवढंच हवंय. नऊच्या ठोक्याला बंद करू, पावसाळ्यात खिडक्या लावून वाजवू, वीजबिलाचा वाटा देऊ. यंदा लेखी करून घेऊ, कारण आता तोंडी शब्दावर किल्ली देणारे जॉबर राहिले नाहीत आणि ती किल्ली मुकाट परत करणारे आप्पाही नाहीत.

येत्या मंगळवारी पावणेसातला आम्ही जिन्याखाली उभे असू. स्टोव्ह आणि टोप मी घेऊन येतो.

आपला,
आप्पांचा नातू, ढोलवाला

ता.क. फ्लेक्स उतरवताना फाडू नका. मागची बाजू कोरी आहे, पावसाळ्यात वाद्यांवर घालायला होईल.